"तुम्हीच काहीतरी दाबलं असेल!"

गेल्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने सांगलीला घरी गेलो. सकाळी चहा घेताना बघतो तर काय, हॉलमधल्या कॉम्प्युटरवर चादर! धुळीसाठी टाकतात तशी नव्हे, चांगली चारही बाजूंनी खोचलेली. प्लग काढलेला, वायर गुंडाळून तिला रबरबँड लावलेला. म्हणजे पुन्हा लावायचा विचारच नाही.

आमच्या बाबांना ओळखणाऱ्याला यातलं गांभीर्य लगेच कळेल. बाबा शाळेतून रिटायर झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी आहेत (पगार शून्य, शिव्या भरपूर). जमाखर्च, मीटिंगचं इतिवृत्त, टँकरचा हिशोब सगळं त्या कॉम्प्युटरवर. शिवाय आजोबांच्या जुन्या वह्या एकेक पान स्कॅन करून ठेवायचा त्यांचा उद्योग दोन वर्षं चालू होता. रोज दुपारी दोन ते चार, ठरलेलं.

"बाबा, बंद पडला का?"

"बंद नाही रे पडला. मीच ठेवलाय बंद. व्हायरस शिरलाय त्यात." मग जरा आवाज खाली आणून, "मीच काहीतरी दाबलं असेल."

मंडळी, हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा वाद त्याच एका वाक्याशी आहे.

झालं होतं असं. ऑडिटसाठी पावत्यांच्या पंचवीस-तीस पीडीएफ एकत्र जोडायच्या होत्या. बाबांनी सर्चमध्ये तसं टाकलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर गेले. ती जाहिरात होती, पण दिसायला बाकीच्या रिझल्टसारखीच. पानावर भलंमोठं हिरवं 'डाउनलोड' बटण. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पावत्या जोडल्या गेल्या, ऑडिट झालं. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान यायला लागलं, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल खिडक्या: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले!', 'तुमच्या बँक खात्याला धोका!'. एक बंद केली की दुसरी. चार दिवस असं झाल्यावर बाबांनी प्लग काढला आणि चादर टाकली. तेव्हापासून तीन आठवडे सोसायटीच्या नोटिसा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून आणत होते.

मी चादर काढली आणि बसलो. ब्राउझरचं सर्च बदललेलं. कूपन देतो म्हणणारी आणि हवामान दाखवणारी अशी दोन एक्स्टेन्शन. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप उठणारा एक 'क्लीनर'. आणि नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळवलेल्या सात वेबसाइट. त्या लाल खिडक्या म्हणजे या वेबसाइटची नोटिफिकेशन, बाकी काही नाही.

व्हायरस एकही नव्हता. ते सगळं परवानगी घेऊन आत आलं होतं. कुठेतरी एक टिक आधीच केलेली होती, कुठेतरी 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं लिहिलं होतं. चोर खिडकीतून आलाच नाही. बेल वाजवून, सही घेऊन, चप्पल काढून आत येऊन बसला.

तासाभरात सगळं साफ केलं. आणि मग मी काय म्हणावं? "बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल. किती वेळा सांगितलं, काही डाउनलोड करू नका म्हणून!" ज्या माणसाने तीस वर्षं शाळेत शिकवलं तो माणूस गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा मान हलवत उभा होता.

रविवारी रात्री स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "अरे, एक सांगायचं राहिलं. ते व्हायरस काढायचे म्हणून मी १,९९९ रुपये भरलेत. कार्डावरून. आईला सांगू नकोस."

तो उजव्या कोपऱ्यातला क्लीनर! त्यानेच भीती घातली, त्यानेच औषध विकलं. तिथूनच बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, १९३० वर तक्रार नोंदवली. पण गाडीत झोप काही लागली नाही. पैशामुळे नव्हे. मला माझी पहिली नोकरी आठवत होती.

२०१९ साली इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात पहिली नोकरी धरली. कंपनी छोटी, नाव सांगत नाही. फुकट वाटायचे प्रोग्रॅम बनवायची: व्हिडिओ कापा, फोटो लहान करा, फाइल झिप करा, असले. पैसे यायचे इन्स्टॉलरमधून. 'नेक्स्ट' आणि 'फिनिश'च्या मध्ये एक स्क्रीन असायचा, त्याला आम्ही 'ऑफर स्क्रीन' म्हणायचो. तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी सर्च बार नाहीतर ब्राउझर चिकटवायचा, आणि तो दुसरा दर इन्स्टॉलमागे आम्हाला पैसे मोजायचा. माझ्या आयुष्यात लोकांपर्यंत पोचलेलं पहिलं काम म्हणजे हा ऑफर स्क्रीन.

स्वीकारायचं बटण हिरवं, मोठं. नाकारायला बटणच नाही, करड्या पार्श्वभूमीवर करडी बारीक अक्षरं. त्यावर माउस नेला की हाताचं चिन्ह उमटायचं, तेही काढून टाकायला सांगितलं, म्हणजे ते दाबता येतं हेच कळू नये. मग दोन प्रकार बनवायचे, निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दुसरा. ज्यात जास्त लोक फसतील तो ठेवायचा. (मीटिंगमध्ये 'फसतील' म्हणत नसत. 'कन्व्हर्ट होतील' म्हणत.) माझा प्रकार जिंकला. टीम लीडचा सगळ्यांना मेल: ग्रेट जॉब. तो मेल मी फोनवर बाबांना वाचून दाखवला होता. खूश झाले होते ते.

वर्षाच्या आत ती नोकरी सोडली. पगार वाढवून मिळाला म्हणून सोडली हो, तत्त्वबित्त्व काही नव्हतं. उगाच मोठेपणा कशाला घ्या!

तर माझं म्हणणं सरळ आहे. घरातल्या माणसाला 'तुम्हीच काहीतरी दाबलं असेल' म्हणणं आपण आता बंद करूया. तो माणूस दाबतो तेव्हा त्याच्यासमोर एकटं बटण नसतं. त्याने नेमकं तेच दाबावं म्हणून पगार घेऊन बसलेली पाच-दहा इंजिनिअर डोकी त्या बटणामागे असतात. हा सामना बरोबरीचा नाही. आणि हरलेल्यालाच आपण वर बोलणी देतो.

यावर आमच्या क्षेत्रातल्या मंडळींची उत्तरं ठरलेली आहेत. एकेक घेऊ.

"अहो, पण त्यांनी संमती दिली होती ना!"

ही सगळ्यात जुनी पळवाट. दोन हजार सालाच्या आसपास गेटर नावाचा प्रोग्रॅम होता. पासवर्ड आणि फॉर्म लक्षात ठेवतो म्हणायचा, काझासारख्या फुकट प्रोग्रॅमच्या पोटात बसून यायचा, आणि तुम्ही कुठल्या वेबसाइटवर जाता ते बघून तिथे स्वतःच्या जाहिराती उघडायचा. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्ससारख्या अमेरिकन वृत्तपत्रांनी त्याला कोर्टात खेचलं. पण गंमत अशी की गेटरसुद्धा लोकांना कोर्टात खेचायचा! कुणी त्याला 'स्पायवेअर' म्हटलं की बदनामीचा दावा. कारण काय, तर लोकांनी करार मान्य केलाय. पीसी पिटस्टॉप नावाच्या कंपनीवर २००३ मध्ये असा दावा लावला आणि तिला आपल्या साइटवरची ती पानं काढावी लागली.

त्याच पीसी पिटस्टॉपने पुढे एक झकास प्रयोग केला. आपल्या एका प्रोग्रॅमच्या करारात मध्येच एक ओळ घातली: हे वाचलं असेल तर या पत्त्यावर लिहा, काहीतरी मिळेल. चार महिने गेले, तीन हजारांवर डाउनलोड झाले, तेव्हा कुठे एका माणसाने लिहिलं. त्याला हजार डॉलरचा चेक मिळाला. ही २००५ ची गोष्ट. म्हणजे करार कुणी वाचत नाही हे सगळ्या क्षेत्राला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि तरी आजही 'तुम्ही आय अ‍ॅग्री दाबलंत' हे तोंड वर करून सांगतात.

यात एक कायद्याची ग्यानबाची मेख आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, २००० सालचं, कलम ४३ बघा. कॉम्प्युटरमध्ये घातक प्रोग्रॅम घुसवणं बेकायदा ठरतं ते कधी? मालकाच्या किंवा तो सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय केलं तर. म्हणून त्या 'अलाउ'साठी एवढी धडपड! ते बटण तुमच्या सोयीसाठी नाही, त्यांच्या वकिलाच्या सोयीसाठी आहे.

"फुकट पाहिजे ना? मग भोगा!"

हे ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं. पण मग विकत घेणाऱ्यांचं काय झालं ते बघू. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी लोकांनी रोख पैसे देऊन घेतल्या. कॉम्प्युटरमध्ये सीडी टाकली की कॉपी अडवणारा प्रोग्रॅम उतरायचा आणि स्वतःला विंडोजपासून लपवायचा. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाला तो स्वतःच्याच मशीनवर सापडला म्हणून जगाला कळलं. त्याच कंपनीच्या काही सीडींवर मीडियामॅक्स नावाचा दुसरा प्रोग्रॅम होता, त्याच्या फाइली तर करार नाकारला तरी उतरायच्या. घ्या! म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्यालासुद्धा सुटका नाही.

२०१४-१५ मध्ये लेनोव्होच्या कितीतरी नव्या कोऱ्या लॅपटॉपवर सुपरफिश आधीच टाकलेलं असायचं. खरेदीच्या साइटवर जाहिराती घुसडता याव्यात म्हणून ते कुलूपवाल्या सुरक्षित कनेक्शनच्याही मध्ये बसायचं. त्यासाठी लागणारी गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती आणि तिचा पासवर्ड एका संशोधकाने चुटकीसरशी शोधून काढला. म्हणजे कॅफेतल्या वायफायवर शेजारी बसलेल्या कुणालाही तुमच्या बँकेचं पान बनवून दाखवता आलं असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये हे प्रकरण मिटवलं. त्यात असंही बाहेर आलं की पहिल्यांदा येणारी सूचनेची खिडकी नुसती बंद केली तरी ती संमती धरली जायची. तीस-चाळीस हजार मोजून घेतलेल्या वस्तूत ही तऱ्हा. फुकट्यांना कशाला बोल लावता?

"नावाजलेल्या ठिकाणाहूनच डाउनलोड करायचं."

हा सल्ला मीही द्यायचो. डाउनलोड डॉट कॉमपेक्षा नावाजलेलं ठिकाण एकेकाळी कोणतं होतं? २०११ मध्ये त्यांनी लोकांच्या प्रोग्रॅमभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून त्यातून टूलबार वाटायला सुरुवात केली. एनमॅप या प्रसिद्ध नेटवर्क प्रोग्रॅमच्या निर्मात्याने त्यावर जाहीर बोंब ठोकली. बरं, ओपन सोर्सचं माहेरघर म्हणवणारं सोर्सफोर्ज? २०१५ मध्ये त्यांनी गिंपच्या विंडोज आवृत्तीला असाच ऑफरवाला इन्स्टॉलर लावला. २०१६ मध्ये मालक बदलले तेव्हा ते बंद झालं. जावासारखं घराघरांत लागणारं सॉफ्टवेअरसुद्धा वर्षानुवर्षं आस्क टूलबारची टिक लावूनच येत होतं. नाव मोठं असलं की फसणारेही जास्त मिळतात, एवढंच.

"चांगला अँटीव्हायरस टाका की!"

दोन हजारच्या दशकात विनफिक्सर नावाचा भामटा 'तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय' अशी भीती घालून पैसे उकळायचा. अमेरिकेत त्यामागच्या टोळीवर २००८ मध्ये खटला झाला, आणि २०१२ मध्ये त्यातल्या एका आरोपीवर १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा निघाला. बाबांच्या कॉम्प्युटरवरचा क्लीनर म्हणजे त्याचाच नातू. पण ते सोडा, ते उघड भामटे. खरोखरच्या अँटीव्हायरसचं ऐका. अवास्ट म्हणायचं की आम्ही तुमच्या मागावर राहणाऱ्यांना अडवतो. आणि लोक कुठल्या पानावर जातात याची माहिती स्वतःच गोळा करून जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीतून विकायचं. बातमी फुटल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जमवलेली माहिती आठ पेटाबाइटच्या वर होती. दोन टेराबाइटच्या चार हजार हार्ड डिस्क भरतील एवढी! राखणदारच घरातल्या वस्तूंची यादी बाजारात विकत होता.

आता सांगा, माझ्या बाबांनी नेमकं काय करायला हवं होतं? करार वाचायचा? पैसे मोजायचे? मोठ्या नावावर विश्वास ठेवायचा? अँटीव्हायरस टाकायचा? यातला प्रत्येक सल्ला प्रामाणिकपणे पाळणारी माणसंही फसलेली आहेत. आणि तरी चूक बाबांची?

असो. नुसतं चिडून भागत नाही. दुसऱ्या शनिवारी परत गेलो आणि जे केलं ते खाली लिहितोय. हे काम आई-वडिलांना 'करून घ्या' म्हणून सांगायचं नाही. आपण जाऊन करायचं. तास-दीड तासाचं काम आहे.

१. बाबांसाठी वेगळं साधं अकाउंट बनवलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून देवघराच्या ड्रॉवरमध्ये. सगळ्या सिस्टिममध्ये हात घालणारं काही आलं की आता पासवर्ड मागतो. तेवढं थांबणं पुष्कळ असतं. (ब्राउझरमधले उपद्रव याने अडत नाहीत, म्हणून पुढचं.)

२. फायरफॉक्स आणि त्यावर यूब्लॉक ओरिजिन. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे पूर्ण यूब्लॉक ओरिजिन तिथे २०२५ पासून चालत नाही. क्रोमच हवा असेल तर त्याची 'लाइट' आवृत्ती आहे, तिची ताकद कमी पण नसण्यापेक्षा बरी. सर्चमध्ये वर येणारी ती जाहिरात आता बाबांना दिसतच नाही. हे माझं खूळ नाही बरं का. एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना सावध केलं होतं की भामटे सर्चच्या जाहिरातींतून खऱ्या कंपन्यांची सोंगं घेतायत, आणि उपायांत अ‍ॅड ब्लॉकर लावा असं स्पष्ट लिहिलं होतं.

३. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन मागायचीच बंदी. एकेक साइट नाकारत बसू नका, प्रश्नच विचारू देऊ नका. घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटच्या नोटिफिकेशनवाचून कुणाचं काही अडत नाही. सगळ्यात कमी मेहनतीत सगळ्यात जास्त शांतता यातून मिळते.

४. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या शेवटी जायंट नावाची कंपनी विकत घेतली तेव्हा तो नुसता स्पायवेअर काढणारा प्रोग्रॅम होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस आहे. त्यात 'अ‍ॅप आणि ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली अ‍ॅप अडवायचा वेगळा स्विच आहे. तो चालू आहे का बघा. 'क्लीनर', 'बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' असल्या नावाचं काहीही ठेवू नका. आणि मशीन अजून विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्याचाही विचार करा.

५. लागणारी हत्यारं आधीच आणून ठेवली: लिबरऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, आणि पीडीएफ जोडणारा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम. माणूस गरज पडल्यावर, घाईत शोधायला जातो आणि तिथेच अडकतो. बाबांना त्या दिवशी कुणीतरी फक्त पीडीएफ जोडून हवी होती हो!

६. पडदा भरून लाल इशारा आला, भोंगा वाजला, फोन नंबर दिसला तर नंबर फिरवायचा नाही. एस्केप दाबून धरा, ऑल्ट आणि एफ ४ दाबा, काहीच नाही झालं तर मशीन बंद करा. असे फोन उचलणारी कॉल सेंटर आपल्याच देशातही आहेत. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ च्या ऑपरेशन चक्र-२ मध्ये अशांवर छापे घातले होते.

७. आजोबांच्या वह्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. काम झालं की डिस्क काढून कपाटात. ही असली की फॉरमॅट मारायची वेळ आली तरी रडायची वेळ येत नाही.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. जाहिराती अडवल्या तर वेबसाइटवाल्यांनी खायचं काय? मराठीत चांगलं लिहिणारे, छोट्या गावच्या बातम्या देणारे कितीतरी जण त्यावर चालतात. हे खरं आहे. पण माझा झगडा जाहिरातीशी नाहीच. पेपरात पानभर साड्यांच्या सेलची जाहिरात येते, ती मी आवडीने बघतो. ती कुणी दिली ते पेपरवाल्याला माहीत असतं, आणि पेपर मिटला की ती संपते. संडासापर्यंत माझ्या मागे येत नाही. वेबवरची जाहिरात पान उघडताक्षणी लिलावात विकली जाते आणि कुणाची आली हे खुद्द साइटवाल्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. जो स्वतःच्या दारात कोण उभं आहे ते सांगू शकत नाही, त्याच्यासाठी मी बाबांचं दार उघडं ठेवू? ज्यांचं लिखाण मला आवडतं त्यांना मी वर्षाची वर्गणी देतो. तुम्हीही द्या. तेवढ्यासाठी घरच्यांना जाळ्यात सोडायची गरज नाही.

आणि आता माझ्या जातभाईंना, म्हणजे इंजिनिअर मंडळींना. कायदा हळूहळू आपल्या अंगावर येतोय, ध्यानात ठेवा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. गोंधळात टाकणारा प्रश्न, नकार देणाऱ्याला लाजवणं, खरी माहिती झाकून भलतंच बटण पुढे करणं, सतत पिरपिर. आणि एक प्रकार तर बाबांसाठीच लिहिल्यासारखा: कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे अशी भीती घालून खोटा सफाई प्रोग्रॅम गळ्यात मारणं. २०२३ चाच डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, समजून-उमजून, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. करड्यावर करडी अक्षरं यात कुठे बसतात, ते तुम्हीच ठरवा.

पण कायद्याची वाट कशाला बघायची? पुढच्या वेळी मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की नकाराचं बटण जरा फिकट करूया, तर एकच विचारा: "हे तुमच्या आईच्या कॉम्प्युटरवर चालेल का?" नोकरी जात नाही एवढ्याने. मी गेल्या वर्षी एकदा विचारून बघितलं. खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग विषय पुढच्या स्प्रिंटवर ढकलला, आणि ते बटण अजून ठळक अक्षरात आहे. हेच मी २०१९ मध्ये विचारायला हवं होतं. तेव्हा मला ग्रेट जॉब हवा होता.

परवा आईने भाजी निवडायला बसवलं तेव्हा बाबांना त्या ऑफर स्क्रीनबद्दल सगळं सांगितलं. तो मेल कशाबद्दल होता तेही. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी वेंधळा नव्हतो." मी म्हटलं, "नाही बाबा." ते म्हणाले, "हं. मग ठीक." आणि परत मेथी निवडायला लागले. मला रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता चादर गादीखाली गेलीय. दुपारी दोन ते चार स्कॅनिंग पुन्हा सुरू आहे. मधूनच ऑफिसात फोन येतो, "अरे, एक खिडकी आलीय, काय करू?" मी मीटिंग सोडून बाहेर येतो आणि विचारतो, "काय लिहिलंय बाबा, वाचा बघू." 'काय दाबलंत' असं विचारत नाही.

ता. क. : कार्डाने किंवा यूपीआयने पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, घरच्यांनाही गप्प बसू देऊ नका. आधी बँकेला फोन, लगेच १९३० वर तक्रार. जितकं लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. फसव्या बटणांविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बाबांचे १,९९९ अजून आलेले नाहीत. आईला मात्र कळलंय.